स्पेनची थोर कादंबरीकार : एमिलिया पार्दो बाझान

वाचकहो, स्पेन देशाचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांना कुर्तुबा आणि गर्नाता ही शहरे आठवतात. ती शहरे त्या देशाच्या दक्षिणेस. प्रस्तुत लेखात मी आपणांस त्याच देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वायव्य कोपऱ्यातील गॅलिशिया प्रांतात नेणार आहे. हा प्रांत भरपूर पावसाचा. दोन बाजूंना समुद्र, आत हिरवे डोंगर, लहान लहान शेते, आणि पोटासाठी घरदार सोडून जहाजाने अमेरिकेला जाणारी माणसे. या प्रांतातील ला कोरुन्या या बंदराच्या गावी १६ सप्टेंबर १८५१ रोजी एक मुलगी जन्मली. पुढे तीच एकोणिसाव्या शतकातील स्पेनची अग्रगण्य लेखिका म्हणून गाजली. तिचे नाव एमिलिया पार्दो बाझान.

दूरच्या देशातील, शंभर वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका बाईची कहाणी आपण का वाचावी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. मुलीला किती शिकवावे, शिकून ती काय करणार, लग्न झाल्यावर त्या शिक्षणाचे काय, हे प्रश्न आपल्या घराघरांत विचारले जातात. एमिलियाच्या काळी स्पेनमध्येही ते असेच विचारले जात होते. तिने त्यांचे उत्तर व्याख्यानांतून दिले, पुस्तकांतून दिले, आणि त्याहून अधिक आपल्या आयुष्यातून दिले. म्हणून ही कहाणी पालकांनी वाचावी आणि विद्यार्थ्यांनीही वाचावी.

वडिलांचे ग्रंथालय

एमिलिया ही आईवडिलांची एकुलती एक मुलगी. घराणे खानदानी, जमीनजुमला भरपूर. वडील दोन होजे पार्दो बाझान हे राजकारणात वावरणारे गृहस्थ. आई दोन्या अमालिया. त्या काळी श्रीमंत घरच्या मुलीला थोडे वाचन, थोडे भरतकाम, पियानोवर चार गती आणि चारचौघांत बसण्याची रीत एवढे आले की शिक्षण संपले असे समजत. गरीब घरच्या मुलीला तर तेवढेही मिळत नसे. स्पेनमधील बहुसंख्य स्त्रियांना त्या वेळी सही करता येत नव्हती.

दोन होजे यांनी मात्र आपल्या मुलीसाठी घरातील ग्रंथालयाची दारे उघडी ठेवली. एखादी गोष्ट पुरुषाने करावी व स्त्रीने करू नये असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, कारण नीतीचे नियम दोघांना वेगळे असू शकत नाहीत, अशी शिकवण त्यांनी मुलीला दिली. हे शब्द तिने जन्मभर जपले. लहानपणीच तिने बायबल, होमरचे इलियड आणि सर्व्हान्तीसचे दोन किखोते हे ग्रंथ वाचले. पियानोपेक्षा पुस्तकात तिचे मन अधिक रमे. हिवाळ्यात कुटुंब माद्रिदला राही, तेव्हा तेथील एका फ्रेंच शाळेत ती जात असे.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. एमिलियाला कोणत्याही विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. तशी सोयच नव्हती. तिच्याच प्रांतातील कोन्सेप्सिओन आरेनाल ही तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी वडील विदुषी. तिला माद्रिदला कायद्याची व्याख्याने ऐकण्यासाठी पुरुषाचा वेष करून वर्गात बसावे लागले होते, एवढे सांगितले म्हणजे त्या काळची कल्पना येईल. अशा काळात एमिलियाजवळ जे होते ते दोनच : पुस्तकांनी भरलेली कपाटे, आणि तू वाच असे सांगणारा बाप.

लग्न, प्रवास आणि अभ्यास

इ. स. १८६८ हे वर्ष तिच्या आयुष्यात फार घडामोडींचे ठरले. त्या वर्षी तिने प्रथम मोठ्या बायकांसारखा लांब झगा घातला, त्याच वर्षी तिचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेनमध्ये क्रांती होऊन राणी इसाबेल दुसरी हिला देश सोडावा लागला. वधूचे वय सोळा वर्षांचे. वर होजे किरोगा हे कायद्याचे विद्यार्थी, वयाने थोडेच मोठे. पुढच्या वर्षी दोन होजे लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि सारे कुटुंब माद्रिदला आले.

काही काळाने राजकारणाला कंटाळून हे कुटुंब युरोपच्या प्रवासाला निघाले. फ्रान्स, इंग्लंड, इटली, ऑस्ट्रिया असे देश त्यांनी पाहिले. व्हिएन्ना शहरी १८७३ साली भरलेले जागतिक प्रदर्शनही एमिलियाबाईंनी पाहिले. श्रीमंतांचा प्रवास म्हणजे पुष्कळदा नुसती करमणूक असते. बाईंनी मात्र त्यातून अभ्यास केला. शेक्सपिअर व बायरन मुळातून वाचता यावेत म्हणून त्या इंग्रजी शिकल्या. गटे, शिलर व हाइने वाचण्यासाठी जर्मन शिकल्या. फ्रेंच व इटालियन तर त्यांना येतच होते. परतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपले वाचन पुष्कळ असले तरी विस्कळीत आहे. मग त्यांनी स्वतःच स्वतःला अभ्यासक्रम आखून दिला व तत्त्वज्ञान, विज्ञान, इतिहास यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. थोर शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस यांचा स्नेह त्यांना याच सुमारास लाभला. सरकारी व धार्मिक नियंत्रणापासून मुक्त अशी प्रसिद्ध शिक्षणसंस्था माद्रिदला १८७६ साली ज्यांनी काढली, तेच हे गृहस्थ.

त्याच १८७६ साली ओरेन्से या गावी एक निबंधस्पर्धा जाहीर झाली. विषय होता अठराव्या शतकातील विद्वान धर्मगुरू फेइहो यांचे कार्य. या फेइहोंनी १७२६ मध्येच, बुद्धीच्या बाबतीत स्त्री पुरुषाहून कमी नाही, असे प्रतिपादन केले होते. स्पर्धेत कोन्सेप्सिओन आरेनाल यांच्यासारख्या नामवंत लेखिकेनेही भाग घेतला होता. बक्षीस मिळाले ते पंचवीस वर्षांच्या एमिलियाबाईंना. त्याच वर्षी त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नाव हाइमे. त्याच्यावर लिहिलेल्या कवितांचे पुस्तक पुढे हिनेर यांनी छापून घेतले. हाइमेनंतर १८७९ मध्ये ब्लांका व १८८१ मध्ये कार्मेन अशा दोन मुली झाल्या. पाळणा हलत होता आणि लेखणीही चालत होती. पहिली कादंबरी १८७९ साली निघाली. एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या आत्मवृत्ताच्या रूपात ती लिहिलेली होती.

विडीच्या कारखान्यातील नायिका

ला कोरुन्या येथे सिगारचा मोठा सरकारी कारखाना होता. हजारो बायका तेथे तंबाखूची पाने वळण्याचे काम करीत. गावातील प्रतिष्ठित घरच्या बायका त्या रस्त्याने फिरकतही नसत. एमिलियाबाई मात्र या कारखान्यात सुमारे दोन महिने जात राहिल्या. कामगार बायकांमध्ये बसून त्यांनी त्यांचे बोलणे ऐकले, काम पाहिले, मजुरीचा हिशेब समजून घेतला. कधी कधी लहान मुलाला बरोबर नेत, म्हणजे बायका मोकळेपणी बोलत. या निरीक्षणातून १८८३ साली ‘ला त्रिबूना’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

तिची नायिका आंपारो. बाप रस्त्यावर गोड पापड्या विकणारा, आई पूर्वी कारखान्यात राबलेली. आंपारोला वाचता येते, हीच तिची पुंजी. ती कारखान्यात इतर बायकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते. वाचता वाचता तिला राजकारण कळू लागते, ती भाषणे करू लागते, बायकांची पुढारी होते. पुढे एक लष्करी अधिकारी लग्नाचे वचन देऊन तिला फसवतो. ज्या दिवशी रस्त्यावर प्रजासत्ताकाच्या घोषणा चालू असतात, त्याच दिवशी आंपारो आपल्या खोलीत एका बापाविना मुलाला जन्म देते. देशाला स्वातंत्र्य मिळाले, पण या बाईच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न लेखिका वाचकाच्या मनात सोडून देते. कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीला नायिकेचा मान देणारी स्पॅनिश भाषेतील ही पहिली कादंबरी मानली जाते.

वादळ

याच सुमारास फ्रान्समध्ये एमिल झोला या लेखकाच्या कादंबऱ्यांनी खळबळ उडवली होती. माणूस जसा आहे तसा, त्याच्या गरिबीसह, व्यसनांसह, रक्तातून आलेल्या गुणदोषांसह दाखवावा, काही लपवू नये, असे या पंथाचे म्हणणे होते. त्यास निसर्गवाद म्हणत. स्पेनमधील सभ्य समाजाला झोलाचे नाव उच्चारणेही गैर वाटे. अशा वेळी १८८२ आणि १८८३ या वर्षांत एमिलियाबाईंनी एका दैनिकात या विषयावर लेखमाला लिहिली. पुढे ती ‘ला कुएस्तिओन पाल्पितान्ते’ म्हणजे धगधगता प्रश्न या नावाने पुस्तकरूपाने निघाली. बाई धर्मनिष्ठ कॅथलिक होत्या. माणसाला स्वतःची इच्छाशक्ती नाही, तो केवळ परिस्थितीचा गुलाम आहे, हे झोलाचे मत त्यांनी मान्य केले नाही. मात्र निरीक्षणाची पद्धत आणि सत्य सांगण्याचे धैर्य या गोष्टी घेण्यासारख्या आहेत, असे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. धर्मावर अशी श्रद्धा असलेली बाई आपली बाजू मांडते याचे खुद्द झोलालाही आश्चर्य वाटले.

स्पेनमध्ये मात्र गहजब झाला. पुरुषाने लिहिले असते तर वाद झाला असता. एका विवाहित, तीन मुलांच्या आईने लिहिले म्हणून तिच्या चारित्र्यापर्यंत बोलणी गेली. पती होजे किरोगा यांना हा लोकापवाद सहन होईना. त्यांनी बाईंना लेखन सोडण्यास सांगितले. बाईंना लेखन सोडवेना. शेवटी दोघांनी वेगळे राहण्याचे ठरवले. पण वाचकहो, यातील एक गोष्ट लक्षात घ्या. दोघांनीही एकमेकांची कधी बदनामी केली नाही. मुले आईजवळ राहिली व आजी अमालिया यांनी घर सांभाळले. या निर्णयाबद्दल मतभेद होऊ शकतील. पण संसार आणि लेखणी यांपैकी एकच निवड असे ज्या समाजात फक्त बाईलाच सांगितले जाते, त्या समाजाचा दोषही आपण पाहिला पाहिजे.

उयोआची हवेली

या वादळानंतर तीनच वर्षांनी, १८८६ साली, बाईंची सर्वश्रेष्ठ कादंबरी ‘लोस पासोस दे उयोआ’ प्रसिद्ध झाली. आजही स्पेनमधील विद्यार्थी ती वाचतात. कथानक थोडक्यात असे.

हुलिआन नावाचा तरुण, भिडस्त धर्मगुरू डोंगरातील एका जुन्या हवेलीत कारभार पाहण्यासाठी येतो. हवेली पडायला आलेली, कागदपत्रे वाळवीने खाल्लेली. मालक दोन पेद्रो शिकारीत व खाण्यापिण्यात दंग. खरी सत्ता आहे प्रिमितिवो नावाच्या धूर्त कारभाऱ्याच्या हाती. हुलिआन आला त्याच रात्री घरातील मोठी माणसे चार वर्षांच्या पेरूचो या पोराला गंमत म्हणून दारू पाजतात. एवढ्या एका प्रसंगात लेखिकेने त्या घराची सारी अवनती दाखवली आहे. मालकाचे जीवन सुधारावे म्हणून हुलिआन त्याला लग्नाचा सल्ला देतो. नूचा नावाची शांत, सालस मुलगी त्या घरात सून म्हणून येते. तिला मुलगी होते आणि तिचे दिवस फिरतात. बापाला मुलगा हवा होता. तो मायलेकींकडे पाहीनासा होतो. नूचा भीतीत आणि अपमानात झिजत जाते आणि शेवटी मरते. दहा वर्षांनी हुलिआन तिच्या कबरीपाशी येतो, तेव्हा त्याला दोन मुले खेळताना दिसतात. कारभाऱ्याच्या मुलीचा मुलगा पेरूचो चांगल्या कपड्यांत आहे. नूचाची मुलगी, त्या हवेलीची खरी वारस, फाटक्या वस्त्रांत आहे.

या कादंबरीत लेखिका कोठेही उपदेश करत नाही. मुलगी झाली म्हणून घरात पसरलेला तो थंडपणा ती फक्त दाखवते. आपल्यापैकी कितीजणांनी तो आपल्या आसपास पाहिला असेल, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. कादंबरीचा पुढचा भाग १८८७ साली निघाला.

कादंबऱ्यांबरोबर बाईंनी सहाशेच्या आसपास लघुकथा लिहिल्या. त्यांतील दोन विद्यार्थ्यांना सांगण्यासारख्या आहेत. ‘एल इन्दूल्तो’ म्हणजे माफी या कथेतील अंतोनिया ही कपडे धुऊन पोट भरणारी बाई. तिच्या नवऱ्याने पैशासाठी तिच्या आईचा खून केला आहे व तो तुरुंगात आहे. राजघराण्यात काही शुभकार्य झाले की कैद्यांना माफी मिळते. कायद्याने नवऱ्यापासून सुटण्याची तिला कोणतीच वाट नाही. माफीच्या प्रत्येक बातमीने ती थरथरते. अखेर नवरा सुटून घरी येतो आणि सकाळी ती अंथरुणात मेलेली आढळते. अंगावर जखम नाही. केवळ भीतीने तिचा प्राण गेला. दुसरी कथा तांबड्या मोज्यांची. खेड्यातील इल्दारा अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहते व त्यासाठी तांबडे मोजे विकत घेते. बाप ते पाहतो आणि तिला अशी मारहाण करतो की तिचा एक डोळा जातो. जहाज तिला न घेताच निघून जाते. ज्या लेखिकेला बापाने ग्रंथालयाची दारे उघडून दिली, तिनेच मुलीचा डोळा फोडणाऱ्या बापाची कथा लिहिली. दोन्ही प्रकारचे बाप तिने पाहिले होते.

एकटीचे मासिक

पॅरिसच्या वास्तव्यात बाईंनी रशियन कादंबऱ्यांचे फ्रेंच अनुवाद वाचले. १८८७ साली त्यांनी माद्रिदच्या आतेनेओ या मान्यवर विद्वत्सभेत रशियन कादंबरीवर व्याख्याने दिली. टॉल्स्टॉय, तुर्गेनेव्ह, दोस्तोव्हस्की यांची नीट ओळख अनेक स्पॅनिश वाचकांना प्रथम या व्याख्यानांतून झाली. १८८९ साली पॅरिसला आयफेल मनोरा उभा राहिला तेव्हा त्या प्रदर्शनाची वार्तापत्रेही त्यांनी पाठवली.

१८९० साली वडील वारले. त्यांच्या मागे आलेल्या पैशाचे काय करावे? दुसऱ्या कोणी दागिने केले असते. बाईंनी मासिक काढले. फेइहोंच्या ग्रंथाची आठवण म्हणून त्याचे नाव ‘नुएव्हो तेआत्रो क्रीतिको’ ठेवले. दर अंकाची पाने शंभराच्या आसपास, आणि त्यातील कथा, परीक्षणे, लेख सारे एकटीने लिहिलेले! १८९१ ते १८९३ या तीन वर्षांत असे तीस अंक निघाले. ज्यांना महिन्याला एक निबंध लिहायचा कंटाळा येतो, त्या माझ्या विद्यार्थी मित्रांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

१८९२ साली त्यांनी ‘स्त्रियांचे ग्रंथालय’ ही पुस्तकमाला सुरू केली. स्त्रियांच्या परवशतेवरील जॉन स्टुअर्ट मिल यांचा प्रसिद्ध ग्रंथ तीत स्पॅनिशमध्ये आणला. बाईंची अपेक्षा होती की स्त्रिया ही पुस्तके उत्साहाने घेतील. तसे घडले नाही. पुस्तके पडून राहिली. ज्यांच्यासाठी खटपट केली त्यांनीच पाठ फिरवावी याचे त्यांना वाईट वाटले. वीस वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच मालेत त्यांनी जुन्या स्पॅनिश स्वयंपाकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात थोडा उपहास होता हे खरे. पण ते पुस्तकही त्यांनी अभ्यासपूर्वक लिहिले. एखाद्या लोकसमूहाचा इतिहास त्याच्या चुलीवरही सापडतो, असे त्यांचे मत होते.

शिक्षण परिषद

१८९२ सालच्या ऑक्टोबरात माद्रिद येथे स्पेन, पोर्तुगाल व अमेरिकेतील देशांच्या शिक्षकांची परिषद भरली. तेथे बाईंनी पुरुषांचे शिक्षण व स्त्रियांचे शिक्षण यांतील फरकावर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा : मुलाला शिकवताना आपण तो स्वतः कोण होईल याचा विचार करतो. मुलीला शिकवताना ती दुसऱ्याच्या किती उपयोगी पडेल याचाच विचार करतो. चांगली पत्नी, चांगली माता हे सारे ठीक. पण ती आधी माणूस आहे आणि तिचे कल्याण हेही शिक्षणाचे स्वतंत्र उद्दिष्ट आहे. केवळ आज्ञा पाळायला लावणारे ते शिक्षण नव्हे, जनावराला वळण लावण्यासारखा तो प्रकार झाला. म्हणून शिक्षणाच्या सर्व पायऱ्या व त्यातून मिळणारे सर्व व्यवसाय स्त्रीला खुले असावेत, अशी मागणी त्यांनी केली.

परिषदेने त्यांच्या सर्व मागण्या मान्य केल्या नाहीत. स्पेनमधील विद्यापीठांत स्त्रियांना विशेष परवानगीची अट न घालता प्रवेश मिळाला तो १९१० साली, म्हणजे अठरा वर्षांनी.

अकादमीचे दार

आता त्यांच्या जीवनातील सर्वांत गाजलेल्या लढ्याकडे वळू. स्पेनमध्ये भाषेची सर्वोच्च संस्था म्हणजे राजमान्य स्पॅनिश अकादमी. तिची स्थापना १७१३ सालची. कोश, व्याकरण, शुद्धलेखन यांत तिचा शब्द अखेरचा. तिचे सभासद होणे हा लेखकाचा सर्वांत मोठा मान. एमिलियाबाईंचे नाव प्रथम १८८९ च्या सुमारास, मग १८९२ मध्ये आणि शेवटी १९१२ मध्ये असे तीन वेळा पुढे आले. तिन्ही वेळा दार बंदच राहिले. लेखन कमी प्रतीचे आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते. कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्यांच्याआधी १८५३ साली हेर्त्रूदिस गोमेस दे आवेयानेदा या कवयित्रीसही याच कारणास्तव नकार मिळाला होता. बाईंनी आपले म्हणणे मांडताना त्या दिवंगत कवयित्रीला उद्देशून पत्रे लिहिली व छापली. हुआन व्हालेरासारख्या विद्वान कादंबरीकारानेही स्त्रियांना अकादमीत घेऊ नये म्हणून १८९१ मध्ये एक पुस्तिका लिहिली. शिकलेला माणूस नेहमी न्यायी असतोच असे नाही, हे यावरून दिसते.

अकादमीत प्रवेश मिळाला नाही, तरी इतर दारे त्यांच्या कर्तृत्वाने उघडली. १९०६ साली आतेनेओच्या साहित्य शाखेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. या पदावरील त्या पहिल्या स्त्री. १९०८ साली राजा आल्फोन्सो तेरावा याने त्यांना काउंटेस हा किताब दिला. १९१० साली सार्वजनिक शिक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली. आणि १९१६ साली माद्रिदच्या विद्यापीठात आधुनिक साहित्याच्या प्राध्यापकपदी त्यांना नेमण्यात आले. तेथील प्राध्यापक मंडळींचा विरोध असताना शिक्षणमंत्री हूलिओ बुरेल यांनी ही नेमणूक केली. स्पेनमध्ये असे पद मिळवणारी ही पहिली स्त्री. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. ज्या विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून बसणे शक्य नव्हते, तेथे त्या शिक्षक म्हणून गेल्या.

पण कहाणी येथे गोड होत नाही. त्यांचा विषय ऐच्छिक होता आणि त्यांच्या वर्गात विद्यार्थी फारच थोडे येत. रिकाम्या बाकांपुढे उभे राहणे म्हणजे काय असते, हे आम्हां शिक्षकांना सांगावे लागत नाही. दुसऱ्या कोणाचे मन मोडले असते. बाईंनी लेखन व काम चालूच ठेवले.

गुणदोष आणि अखेर

थोरांचे चरित्र सांगताना फक्त गुण सांगणे हे प्रामाणिकपणाचे नव्हे. एमिलियाबाईंना आपल्या खानदानाचा अभिमान होता. राजकारणात त्यांचा ओढा पुष्कळ वर्षे जुन्या विचारांच्या पक्षाकडे होता. गरिबांविषयी त्यांनी जिव्हाळ्याने लिहिले, पण सर्व वर्ग समान आहेत असे मात्र त्या मानत नसत. वादात त्या तिखट होत. तरीही स्त्रीला माणूस म्हणून वागवा, या एका बाबतीत त्यांनी अखेरपर्यंत माघार घेतली नाही. बार्सिलोनाच्या एका सचित्र नियतकालिकात १८९५ पासून वीसहून अधिक वर्षे त्यांनी सदर लिहिले. त्यात बायकांचे खून व मारहाण यांच्या बातम्यांवर त्या वारंवार लिहीत. अशा खुनाला प्रेमाचे नाव देऊन गुन्हेगाराला सौम्य शिक्षा होते, याचा त्यांना संताप येई.

१२ मे १९२१ रोजी माद्रिद येथे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात घराण्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. १९३६ च्या यादवी युद्धात त्यांचा मुलगा हाइमे व नातू दोघेही मारले गेले. मेइरास येथील त्यांची आवडती हवेली १९३८ साली हुकूमशहा जनरल फ्रँको याच्या ताब्यात गेली आणि त्याच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे त्याच्या वारसांकडे राहिली. न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२० मध्ये ती स्पेनच्या सरकारकडे आली. २०२१ मध्ये, शंभराव्या पुण्यतिथीच्या वर्षी, माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांच्या जीवनावर मोठे प्रदर्शन भरले. ला कोरुन्या येथील त्यांच्या घरी वस्तुसंग्रहालय आहे, आणि गॅलिशियाच्या भाषेची अकादमीही त्याच घरात आहे. एका अकादमीने दार लावले, दुसरीने त्यांचेच घर आपले कार्यालय केले.

आणि त्या राजमान्य अकादमीचे काय झाले? १९७८ साली कार्मेन कोंदे या कवयित्रीची तेथे निवड झाली. अकादमीच्या खुर्चीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. म्हणजे एमिलियाबाईंच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी.

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रत्येक मुलगी कादंबरीकार होणार नाही. होण्याची गरजही नाही. पण घरात चार पुस्तके असावीत, मुलगी ती वाचत बसली असता तिला उगीच हाक मारू नये, आणि वाचून तू काय करणार असा प्रश्न तिला विचारू नये, एवढे तर प्रत्येकास जमेल. विद्यार्थिनींनो, दार बंद दिसले म्हणून अभ्यास सोडू नका. एमिलियाबाईंना तीन वेळा नकार मिळाला, पण त्या नकारांच्या काळात त्यांनी जे लिहिले तेच आज वाचले जाते. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही कोणत्या ना कोणत्या समितीत, संस्थेत, निदान आपल्या घरात निर्णय घेणारे व्हाल. त्या वेळी दार उघडण्याचे काम तुमच्याकडे असेल, हे विसरू नका.